चुलीपाशी फुटलेला उपळ

मी काही सोलरच्या विरोधात नाही. हे आधीच सांगून ठेवते, कारण भावकीत मी आडमुठी म्हणून प्रसिद्ध आहे. आमच्या छपरावर पाणी तापवायचं सोलर मीच नवऱ्याच्या मागे लागून बसवून घेतलं. कोळवण खोऱ्यात ऊन फुकट पडतं, ते वापरा की. माझं म्हणणं एवढंच होतं, की चरांना हात लावू नका.

ते चर आम्ही बायकांनी खणलेले. घरांमागचा डोंगर पार बोडका झाला होता, पावसात नुसता मुरूम वाहून खाली यायचा. मी आणि माझी थोरली जाऊ, आम्ही दोघी सगळ्यांत पुढे. उतारावर आडवे चर, त्यांच्या कडेने गवत, बांबू, करवंदी. हळूहळू पाणी वाहायचं थांबून मुरायला लागलं, गवत गुडघ्याला आलं. गेल्या हिवाळ्यात भावकीने तोच उतार सोलरवाल्यांना भाड्याने दिला. गाड्या वर न्यायला त्यांनी चर बुजवले, गवत खरवडलं आणि पॅनेल उभे केले. मी तिथल्या साहेबाला गाठलं. तो बापडा नम्रपणे म्हणाला, "मॅडम, ड्रेनेज सेकंड फेजमध्ये आहे. झाडंही परत लावणार आहोत." खोटं बोलत नव्हता तो. पण आमच्याकडे याला बैल गेला नि झोपा केला म्हणतात.

जावेचं घर त्या उताराच्या अगदी पायथ्याला. दीर गेल्यापासून ती तिथे एकटीच असते. भातलावणी उरकली आणि एका सकाळी ती मला बोलवायला आली. चेहरा नुसता फुलला होता.

"चल गं, उपळ फुटलाय. आन् तोबी घरात, चुलीपाशी."

पावसाळ्यात आमच्याकडे जमिनीतून आपसूक पाणी उमळतं, तो उपळ. अंगणात फुटला की हळदकुंकू वाहायचं, दिवा लावायचा, वर्ष चांगलं जाणार म्हणायचं. घरात फुटलेला मी तरी कधी ऐकला नव्हता. तिने फरशी उचकटून पूजा मांडलेली होती. मी वाकून पाहिलं. उपळाचं पाणी नितळ असतं, तळाचा खडा दिसतो. हे लाल होतं. डोंगर आतून धुऊन येत होता.

"आक्का, हे काय चांगलं न्हाई. माझ्याकडं राहायला चल."

"लक्ष्मी घरात आली आन् मी घर सोडू व्हय? तुझं आपलं कायतरीच."

मग तिचं मागचं दार लागेना. पावसात लाकूड फुगतं, त्यात काय नवल. माझ्या नवऱ्याने जाऊन रंधा मारला, दार मोकळं झालं. संध्याकाळी पुन्हा अडकलं. त्याने पुन्हा तासलं, आणि मग रंधा खाली ठेवून चौकटीकडे बघत राहिला.

"दार न्हाई फुगलं," तो म्हणाला. "चौकट कलतीया."

त्या दिवशी मी तिच्याशी कडाकडा भांडले, तिचं गाठोडं उचललं आणि तिला आमच्या घरी आणलं. सोलरवाल्यांना बोलावलं. ते फोटो काढून गेले, पाऊस उघडला की बघू म्हणाले. पाऊस काही उघडत नाही.

आता ती आमच्यात जेवते, झोपते. पण उपळाला दिव्यावाचून ठेवायचं नाही, हा तिचा हट्ट. रोज दिवेलागणीला ती निघते, रोज मी तिच्यावर ओरडते, आणि रोज तिच्या मागोमाग मीही जाते. काय करणार, ती ऐकत नाही आणि मला राहवत नाही. मला भीती वाटते, खूप भीती वाटते. वर पॅनेलवर पाऊस ताडताड वाजत असतो.

ती आत वाकून काडी ओढते. मी उंबऱ्यात उभी राहते आणि दार मिटून अडकू नये म्हणून पाठीने रेटून धरते.

"आज पाणी लई वाढलंय बघ," ती आतून हरखून सांगते.

पाठीमागे दार हलकंसं करकरतं, आणि मी आणखी जोर लावते.