फ्लॉपीतली बाळंतपणं

काय सांगू तुम्हाला, माझ्यासारखा दीडशहाणा अख्ख्या पाटोद्यात सापडायचा नाही. हसायचं तर हसा, पण आधी चहा पिऊन घ्या. नंतर घशाखाली जायचा नाही.

आमची मंडळी सुईण होती. तिला लिहिता येत नव्हतं, पण कुणाचं लेकरू कोणत्या दिवशी झालं, तेव्हा कुणाची गाय व्याली, सगळं तोंडपाठ! मी ज्या कॉम्प्युटर क्लासात शिपाई होतो, तिथंच आमची लेक शोभा शिकवायची. आईला शेजारी बसवून तिनं ते सगळं मशीनमध्ये घातलं. पुढं शोभा लग्न होऊन पुण्याला गेली. आणि मंडळी तर कायमचीच गेली.

मग क्लासच्या सरांनी जुनी मशीन विकायला काढली. शोभाचा फोन आला, "आबा, आईची फाईल फ्लॉपीवर घेऊन या. दुसरीकडं कुठंच न्हाई ती."

सर म्हणाले, "मामा, मी देतो काढून."

"कावून? मला काय हात न्हाईत?"

रोज मशीन पुसणारा माणूस मी! पडद्यावर फाईलचं चित्र होतं. माऊसचं बटण दाबून धरलं, चित्र ओढत ओढत फ्लॉपीवर नेलं अन् सोडलं. तिथंच उघडून पाहिलं. सगळी लेकरं हजर!

"झालं का मामा? पुसू का आता सगळं?"

"पुसा की बिनघोर!"

म्हणजे पुसायला सांगणारा मीच, बरं का.

पुण्यात शोभानं तिच्या ऑफिसातल्या मशीनमध्ये फ्लॉपी घातली. चित्रावर दोन-तीनदा बटण दाबून पाहिलं.

"आबा, हे चित्र म्हंजे शॉर्टकट, फाईलीचा नुसता पत्ता हाय. घर तिकडंच राहिलं."

"अगं, मी उघडून बघितलं की!"

"तिथं घर होतं, म्हणून उघडलं."

रडली असती तर बरं झालं असतं. तिनं कागद घेतला.

"जाऊ द्या. तुमाला आठवतंय तेवढं सांगा. पहिली माझीच तारीख घाला."

मी छाती पुढं काढून म्हणालो, "एक जून!"

"आबा, ती गुरुजींनी अख्ख्या वर्गाला लावली होती. आई सांगायची ती सांगा."

तिची आई चुलीपुढं रोज सांगायची, अन् मी "हं, हं" करत भाकरी खायचो.

आता मशीनला कोणत्या तोंडानं नावं ठेवू? फ्लॉपीत निदान पत्ता तरी होता. माझ्या डोक्यात तेवढाही निघाला नाही!