अण्णांनी लावलेली काडी

"वास घ्या!" म्हणत अण्णा मातीची मूठ थेट नाकाखाली धरायचे. समोर तलाठी असो की बाशिंग बांधलेला नवरदेव, सुटका नाही. तुमच्याही गावात असा एखादा असेलच.

मी बोरीत लग्नाचं शूटिंग करतो. म्हणून अण्णा मला 'शूटिंगवाले' म्हणायचे. "शूटिंगवाले, हिच्यात जीव हाय. कळायलंय का?" मला डोंबल कळतंय! पण मान हलवायचो.

कापूस वेचून झाला की आमच्याकडे वाळलेल्या पऱ्हाट्या उपटून रानातच पेटवतात. अण्णा एकटे त्यांचे बारीक तुकडे करून शेतात पसरायचे. कुणाच्या बांधावर धूर दिसला की कपाळावरचं भस्म घामानं ओघळेपर्यंत पळत सुटायचे. "इझवा रे! मातीला चटका बसायलाय!" लोक हसायचे, पण त्यांच्या भिडेखातर चार-सहा घरांनी जाळणं सोडलं होतं.

मग पुण्याहून माहितीपटवाले आले. माणसानं पृथ्वीची काय दशा केली, ते दाखवायचं होतं. मीच छाती फुगवून, माझाही कॅमेरा घेऊन त्यांना अण्णांकडे नेलं. अण्णांनी भाकरी-ठेचा खाऊ घातला, सकाळभर माती दाखवली. शेवटी त्यांचे साहेब म्हणाले, "जाळणंही दाखवू या. एक ढीग पेटवता?"

अण्णांनी हातातली माती खाली सोडली. मग माझ्याकडे बघून म्हणाले, "पावण्याला न्हाई कसं म्हणावं?" त्यांनी एवढासा ढीग रचला, पाण्याच्या दोन घागरी जवळ ठेवल्या आणि आयुष्यात पहिल्यांदा रानात काडी लावली.

माहितीपट गावच्या शाळेत दाखवला. अण्णा धुतलेलं धोतर नेसून पुढेच बसले होते. मातीबद्दलचं त्यांचं एक वाक्य नाही! नुसता धूर, धुरात अण्णांचं तोंड आणि वरून गंभीर आवाज : माणूस आपल्याच हातांनी धरणी जाळतो आहे.

"अण्णा, आन् आमाला शिकवता व्हय?" मागून कुणीतरी ओरडलं. सगळे हसले. जाळणं सोडलेल्या घरांनीही त्या वर्षी पऱ्हाट्या पेटवल्या.

मी पुण्याला फोन लावून त्या दगाबाजांना मनसोक्त शिव्या घातल्या. पुढे त्यांनी माझे फोन घेणंच बंद केलं.

एक दिवस अण्णा माझ्या फोटोच्या दुकानात आले. "शूटिंगवाले, तुमचा बी कॅमेरा चालू व्हता. त्यात समदं असंल. माझं बोलणं, घागरी, समदं. एकडाव गावाला दाखवा. लय उपकार व्हतील."

होतं ना. आजही आहे. अण्णांचं बोलणं आहे, घागरी आहेत. आणि त्याच्यावर स्वच्छ ऐकू येणारा माझा आवाज आहे : "अण्णा, धूर दिसंना गेलाय, अजून टाका. अन् त्या घागरी तेवढ्या बाजूला सरकवा."

"पुसलं गेलं, अण्णा," मी म्हणालो.

त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "जाऊ द्या. तुमालाबी फशिवलं त्यांनी."

पुढे शेत बटईनं दुसऱ्याला कसायला देऊन ते सेलूला लेकीकडे गेले. दर माघात त्यांच्या रानातून धूर निघतो. मी रोज त्याच रस्त्यानं जातो, आणि गाडी थांबवत नाही.