बिब्बा कोणी लावला

आदिलाबाद जिल्ह्यातल्या बोथच्या शाळेत पंचफुलाबाई आणि मी चौदा वर्षं एकाच कपाटाच्या दोन कप्प्यांत वह्या ठेवत आलो. त्या विज्ञान शिकवतात, मी मराठी. पालकसभेला कुणी लेकराच्या गळ्यात ताईत बांधून आलं की बाई भर सभेत त्याची अशी हजेरी घेतात की पुढच्या वेळी तो माणूस बायकोला पाठवतो. मी चिडवायची, "बाई, तुमच्या धाकानं बोथची भुतं इंद्रवेल्लीच्या जंगलात पळाली." त्या हसायच्या. ते हसणं तोंडदेखलं होतं हे मला फार उशिरा कळलं, आणि कळलं तेव्हा मी त्यांच्यावर भयंकर चिडले.

त्यांची मुलगी प्रगती वीस वर्षांची, आदिलाबादला कॉलेजात शिकते. तिच्या गळ्याच्या हाडाखाली करंगळीएवढा लांब, फुगीर, लालसर, तुळतुळीत व्रण आहे. लहानपणी तो जरासाच होता. वयात आल्यावर वाढत गेला, खाजायला लागला, झोपेत कपडा लागला तरी ठणकायचा. पोर बारा महिने ओढणी गळ्याशी पिनेनं टाचून वावरायची. कुणी विचारलंच तर उत्तर ठरलेलं, "आजीनं बिब्बा लावला होता."

मुका मार लागला, सूज आली की आमच्याकडे बिब्बा दिव्यावर तापवून त्याचं तेल लावायची जुनी रीत आहे. एखाद्याला ते सोसतं, एखाद्याच्या अंगावर उततं. मग फोड येतात, कातडी भाजल्यासारखी सोलून निघते. प्रगतीला तो उतला तेव्हा ती तीन वर्षांची होती. बेल्याला राहणाऱ्या आजीशी, म्हणजे आशाबाईंशी, ती कधी धड बोलली नाही. 'जयभीम' म्हणायची आणि आत जायची.

यंदा फेब्रुवारीत बाईंनी तिला आदिलाबादच्या एका चामडीच्या डॉक्टरकडे न्यायचं ठरवलं. सुई पाहिली की बाईंना चक्कर येते, म्हणून मला सोबत घेतलं. डॉक्टर भाग्यलक्ष्मी तेलुगू घरातल्या, पण आदिलाबादेतच वाढलेल्या, तुटक का होईना मराठी बोलणाऱ्या. त्यांनी व्रण दाबून पाहिला आणि म्हणाल्या, "जखम म्हणजे खड्डा. तो भरायला शरीर गडी लावते. खड्डा भरला की गडी थांबते. हिचा गडी थांबलाच नाही, माती टाकूनच राहिला."

"कापून टाकला तर?" मी विचारलं.

"कापला तर नवा खड्डा. गडी पुन्हा कामाला. कधी पहिल्याहून मोठा येते."

मग त्यांनी लेझर समजावून सांगितला. लेझर म्हणजे उजेडच, पण एकाच रंगाचा आणि एका जागी धरलेला. एका जातीचा लेझर व्रणातल्या लाल रक्ताला तापवतो, त्यामुळे व्रणाला पोसणाऱ्या बारीक रक्तवाहिन्या बंद पडतात. "गड्याची भाकर बंद," असं त्या हसत म्हणाल्या. दुसऱ्या जातीचा लेझर कडक झालेल्या व्रणात डोळ्यांना न दिसणारी छिद्रं पाडतो. त्यानं गाठ सैल होते आणि वरून दिलेलं औषध आत मुरतं. नुसत्या लेझरवर भागत नाही, सुईनंही औषध द्यावं लागतं. महिन्या-दीड महिन्यानं एक, अशा सहा-सात बाऱ्या. सावळ्या कातडीवर जोर जास्त झाला तर काळा डाग राहतो, म्हणून आधी कडेला एक ठिपका करून पाहायचा.

"पूर्ण जाईल?" प्रगतीनं विचारलं.

"पुसून नाही जाणार. सपाट होईल, मऊ होईल, खाज कमी होईल. पुन्हा वर येऊ शकते, लक्ष ठेवायला लागते." डॉक्टरांनी कागद पुढे ओढला. "फोड किती दिवस होते?"

"ते आजीलेच माईत," प्रगती म्हणाली.

"अकरा दिवस," पंचफुलाबाई म्हणाल्या. "पाचव्या दिवशी पू झाला."

"घरात आणखी कोणाला असा व्रण आहे?"

बाईंनी पोलक्याची बाही वर केली. दंडावर लहानपणी टोचलेल्या लशीच्या जागी तसाच फुगीर गोळा होता. चौदा वर्षांत तो मला दिसला नव्हता. डॉक्टर सहज म्हणाल्या, "मग कातडीची ही सवय आईकडून आली." बाईंचा चेहरा उतरला.

कडेचा ठिपका नीट बरा झाला, तेव्हा मार्चात पहिली बारी झाली. सगळ्यांच्या डोळ्यांना चष्मे. यंत्र टक्‌ टक्‌ वाजे आणि दर टक्‌ला पोर दचके. रबर ताणून सोडल्यासारखं लागतं म्हणाली. जळक्या केसांसारखा वास सुटला होता. आईचा हात घट्ट धरून ती म्हणाली, "आजीले आणून दाखवाले पायजे, तिनं काय करून ठेवलं ते."

पंचफुलाबाईंनी हात सोडवला आणि त्या खोलीबाहेर गेल्या. मी मागे गेले. त्या जिन्याच्या पायरीवर बसल्या होत्या.

"बिब्बा मी लावला," त्या म्हणाल्या.

सतरा वर्षांपूर्वीची ती दुपार त्यांनी मला सांगितली. दुसऱ्या दिवशी आदिलाबादला शिक्षक भरतीची परीक्षा होती. बाजेवरून पडून प्रगतीच्या गळ्याच्या हाडाखाली सूज आली होती, पोर रडायची थांबेना. बाईंच्या माहेरी सुजेवर बिब्बाच लावत. त्यांनी तापवला आणि लावला. परीक्षा देऊन परत आल्या तर फोड आलेले, आणि नवरा, मोतीराम, अंगणात ओरडतोय, कोणी लावला म्हणून. बाईंनी तोंड उघडायच्या आत सासू म्हणाली, "मी लावला." त्या दिवसापासून मोतीरामनं आईच्या हातात पोर द्यायचं बंद केलं. बाई पास झाल्या, मास्तरीण झाल्या. सासू थोरल्या लेकाकडे बेल्याला निघून गेली.

"आणि तुम्ही गप्प?" मी त्यांना फाडफाड बोलले. दुसऱ्यांचे ताईत तोडता, आणि घरातल्या म्हातारीच्या गळ्यात हा धोंडा बांधून ठेवलात? "मला रडायचा हक्क नाही," एवढंच त्या म्हणाल्या आणि रडल्या.

सांगते, सांगते म्हणत दुसरी बारी गेली, तिसरी गेली. व्रण बसत चालला होता, खाज थांबली होती. पोर खूश दिसली की बाईंची जीभ आणखी जड व्हायची. चौथ्या बारीनंतर एकदाचं त्यांनी सांगितलं. प्रगती ऐकून इतकंच म्हणाली, "बेल्याले चाल." बाईंनी मलाही ओढलं. म्हणाल्या, तुम्ही असलात तर मी पळणार नाही.

आशाबाई अंगणात सुपानं डाळ पाखडत होत्या. प्रगती समोर बसली. "आजी, आईनं सांगतलं. बिब्बा तिनं लावला."

"खोटं बोलते तुही माय," म्हातारी म्हणाली. "मीच लावला." घोकून ठेवल्यासारखं झटकन उत्तर आलं.

प्रगतीचे डोळे भरले. ती वळली आणि आईच्या गळ्यात पडली. "आजीसाठी तू आपल्या अंगावर घेऊन राह्यली, आई?"

घ्या! गप्प राहिलं की सुटका, वर मोठेपणाही. आणि खरं सांगते, बाईंचा हात लेकीच्या पाठीवर गेला तेव्हा मला वाटलं, ही बाई आता काही बोलत नाही.

बाईंनी लेकीला दूर केलं आणि सासूकडे बोट केलं. "नाई. आत्याबाईनं माहा हात धरला होता. लेकराची कातडी हाये, नको लावू म्हणत होत्या. मी हात झटकला. मले पाचची बस पकडाची होती, अन् तू उगी राहत नव्हती. तुह्या दुखण्यासाठी नाई लावला मी, माह्या परीक्षेसाठी लावला."

सूप खाली ठेवून आशाबाई सुनेवरच चिडल्या. "काऊन बोलली व? मोतीरामले समजलं असतं तं नोकरीचं नाव काढू देलं नसतं त्यानं. मी जनमभर लोकाच्या वावरात निंदलं. एक तरी मास्तरीण व्हावी वाटे घरात. सारं निभलं होतं." मग हळूच म्हणाल्या, "लेकरू तेवढं हातात नाई देलं कोणी."

प्रगतीनं ओढणीची पिन काढली. आजीचा खरबरीत हात धरून व्रणावर ठेवला. म्हातारीनं बोटानं व्रणाची कड चाचपली.

मग आईकडे न पाहता प्रगती म्हणाली, "पुढच्या बारीले आजी येईल माह्यासंग. तू नको येऊ."

"बरं," पंचफुलाबाई म्हणाल्या.