फ्रिजमधली हार्डडिस्क

बारामतीच्या कॉम्प्युटरवाल्याने माझी हार्डडिस्क जोडून पाहिली. दोन मिनिटं ती गुरगुरत चालली, मग टकटक करू लागली. त्याने मान हलवली.

"ताई, ही गेली. नवी बसवून देतो. जुनीतलं विसरा."

"नवी बसवा. जुनी परत द्या."

"तिचं काय करणार? पेपरवेट?"

"ते मी बघते."

नव्वदच्या दशकाची दोनतीन वर्षं उरली असतील तेव्हाची ही गोष्ट. इंदापुरात घराच्या पुढच्या खोलीत माझं टायपिंगचं दुकान होतं. अर्ज, प्रतिज्ञापत्रं, लग्नपत्रिका. कॉम्प्युटर घेऊन दोन वर्षं झाली होती आणि तालुक्याच्या गावात बाईच्या हातात कॉम्प्युटर म्हणून लोक दारातून डोकावून जायचे. मी त्यांना आत बोलवायची. डोकावणाऱ्यातला एखादा तरी काम देऊन जायचा.

त्या डिस्कमध्ये पळसदेवच्या एका निवृत्त गुरुजींचं पुस्तक होतं. उजनी धरणाचं पाणी चढलं तेव्हा त्यांचं जुनं गाव बुडालं. गुरुजींनी त्या गावातलं प्रत्येक घर लिहून काढलं होतं. कुठल्या आळीत, कोणाच्या शेजारी, दार कुणीकडे, घरात माणसं किती. टाइप करायला मला सहा महिने लागले. मोठी फाइल उघडताना कॉम्प्युटर अडायचा, म्हणून मी एका आळीची एक फाइल केली होती. अशा अकरा फायली.

शेवटची दुरुस्ती झाली त्या दिवशी गुरुजींनी विचारलं, "आता कागद लागायचे नाहीत ना?"

"नाही गुरुजी, सगळं कॉम्प्युटरात आहे," मी म्हणाले.

पुढच्या आठवड्यात त्यांनी हस्तलिखित आणि तपासलेली पानं, दोन्ही कापडात बांधून बॅकवॉटरमध्ये सोडून दिली. त्यात देवांची नावं होती, गेलेल्या माणसांची नावं होती. असले कागद रद्दीत घालत नाहीत, पाण्यात सोडतात. त्यांचं काही चुकलं नाही. फ्लॉपीवर प्रत न काढता "सगळं आहे" असं बोलले ती मी.

मग खंडेनवमी आली. त्या दिवशी आमच्याकडे ट्रॅक्टरपासून विळ्यापर्यंत सगळ्याची पूजा होते. सासूबाईंनी कॉम्प्युटरलाही हळदकुंकू लावलं, झेंडूची माळ घातली. मी प्रसादाचं बघायला आत गेले होते. ट्रॅक्टरची पूजा करताना तो सुरू करतात, म्हणून त्यांनी कॉम्प्युटर सुरू करायला सांगितला होता आणि मीच तो केला होता. बाहेर एक दणका ऐकू आला. सासूबाईंनी नारळ कॉम्प्युटरच्या आडव्या डब्याच्या कोपऱ्यावर फोडला होता.

"आत्या, अहो, हे काय केलंत!"

"ट्रॅक्टरला फोडला, मग हिला न्हाय व्हय? ही काय सावत्र हाय?"

कॉम्प्युटरचा पडदा होता तिथंच थिजला आणि आतून टकटक सुरू झाली.

दसरा झाल्यावर गुरुजी छपाईची प्रत न्यायला आले. मी त्यांना खुर्ची दिली आणि झालं ते सरळ सांगितलं. त्यांची नजर वर्षभरात फार गेली होती. समोरच्या माणसाला ते आवाजावरून ओळखत.

"मला आता पुन्हा लिहिता यायचं नाही, सूनबाई," एवढंच म्हणाले.

"मला आठ दिवस द्या."

म्हणून मी बारामतीला गेले होते. येताना एसटीत कॉम्प्युटरचा डबा पायाशी, जुनी डिस्क मांडीवर होती आणि डोक्यात ती पहिली दोन मिनिटं होती. त्या दोन मिनिटांत डिस्क चालली होती. डब्यात केबल कुठं जाते, तिची लाल कड कुठल्या बाजूला येते, दुसरी डिस्क जोडताना तिच्या पिनांवरची बारकी टोपी कुठून काढून कुठं घालायची, हे मी दुकानदार नवी बसवत होता तेव्हा बघून घेतलं होतं. न समजलेलं दोनदा विचारलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला मी स्क्रूड्रायव्हर घेऊन बसले. जुनी डिस्क नवीशेजारी जोडली. ती पाच मिनिटं चालली. फायलींची यादी दिसली, अकराच्या अकरा. एक नव्या डिस्कवर उतरली आणि टकटक सुरू झाली. हात लावला तर चटका बसला. दुपारी पुन्हा पाहिलं तर मिनिटभरही टिकली नाही.

आता मला कळलं. बारामतीत पत्र्याखाली भर दुपारी ती दोन मिनिटं चालली होती, घरात सकाळी पाच. गार असेपर्यंत तिला वाचता येत होतं.

मी डिस्क प्लॅस्टिकमध्ये गुंडाळली, घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात घातली आणि डबा फ्रिजमध्ये ठेवला.

"दह्याशेजारी लोखंड?" सासूबाई म्हणाल्या.

"दही खालच्या कप्प्यात घाला."

तासाभराने डबा बाहेर काढला. गार वस्तूला दव धरतं, म्हणून झाकण लगेच उघडलं नाही, थोडा वेळ जाऊ दिला. मग डिस्क कोरडी पुसून जोडली आणि टेबलफॅन थेट तिच्यावर सोडला. दर थोड्या वेळाने कॉम्प्युटर अडून विचारायचा, थांबू की पुन्हा वाचू? पुन्हा वाच म्हणायला इंग्रजी 'आर'चं बटण दाबायचं. माझा एक हात डिस्कवर, कितपत तापली ते बघायला, आणि दुसरा केबलवर, कारण ती सैल होती. मी सासूबाईंना हाक मारली.

"आत्या, इथं बसा. मशिन अडलं की हे बटण दाबायचं."

"कितींदा?"

"पुढं जाईपर्यंत."

"आन् न्हाय गेलं तर?"

"मग परत फ्रिज."

इंग्रजीचं एक अक्षर न येणाऱ्या त्या बाईने तीन दिवस ते बटण दाबलं. "चल गं बया, चल, लई नखरं झालं," असं डिस्कला दटावत दाबलं. मला डिस्कवरचा हात काढावा लागला नाही. फ्रिजच्या खेपांचा हिशेब कोणी ठेवला नाही. तिसऱ्या दिवशी दहा आळ्यांच्या फायली नव्या डिस्कवर होत्या. अकरावी मात्र आली नाही. शेवटी डिस्क फिरायचीच बंद झाली.

दहाही फायलींच्या प्रती मी लगेच फ्लॉपीवर काढल्या, दोन संचांत. मग गुरुजींना निरोप धाडला. ते येऊन खुर्चीत बसले.

"दहा आल्या. पाराजवळची गेली," मी म्हणाले. "ती तुम्ही सांगा, मी टाइप करते."

"आत्ता?"

"आत्ता."

त्यांनी डोळे मिटले. उजव्या हाताचं बोट गुडघ्यावर हळूहळू सरकू लागलं. "पारापासून धर. डाव्या हाताला शिंप्याचं, दार उगवतीला. त्याला लागून मुलाण्याचं... थांब. मधे कासाराची मोकळी बखळ होती. मागं घे." मी मागं घेतलं. ते बोलत गेले आणि मी टाइप करत गेले. दर चार ओळींनी फ्लॉपीवर साठवत होते. दुपारच्या जेवणापर्यंत आळी ओढ्यापाशी जाऊन संपली.

मी सगळं मोठ्याने वाचून दाखवलं. त्यांनी एकच चूक काढली. एक घर दोनदा आलं होतं, आणि तेही त्यांनीच दोनदा सांगितलं होतं. त्याच संध्याकाळी अकराही फायली छपाईला गेल्या.