रिकाम्या गाडीतला एसी

आमच्या घरात पत्रकाचा एक नियम होता. नाव लिहायचं नाही, पण उदाहरण खरं हवं. हा नियम मला पप्पांनी शिकवला. मराठवाड्यातून येऊन नवघरला खोली घेतल्यापासून वस्तीची सगळी पत्रकं आमच्याच घरात तयार व्हायची. पप्पा आणि शेजारचे काका मजकूर ठरवायचे, मी खाली बसून घड्या घालायचे. वाचायलाही मी त्याच कागदांवर शिकले. एक उदाहरण खोटं निघालं की बाकीचं खरंसुद्धा खोटं ठरतं, असं पप्पा म्हणायचे. हाच नियम पाळून मी त्यांची आयडी घालवली.

पप्पा एका कंपनीची इलेक्ट्रिक टॅक्सी चालवतात. गाडी सकाळी हायवेलगतच्या यार्डातून घ्यायची आणि संध्याकाळी तिथेच लावायची. लावताना बॅटरी वीस टक्क्यांच्या वर हवी, खाली गेली तर वॉर्निंग. पॅसेंजरने एसीची तक्रार केली, तरी वॉर्निंग. अशा तीन झाल्या की आयडी बंद, म्हणजे मोबाइलवर भाडी यायची बंद आणि पप्पा घरी. थोडक्यात, पॅसेंजरला थंड ठेवायचं आणि बॅटरीही राखायची. मधला जो माणूस उरतो, त्याने घामात बसायचं. हे नियमात कुठे लिहिलेलं नव्हतं, पण हिशोब तसाच सुटत होता.

गेल्या मे महिन्यात केबिन रोडवर मी रिक्षाची वाट बघत उभी होते, तेव्हा पप्पांची गाडी समोर थांबली. भाडं सोडून ते इंद्रलोकच्या नाक्याकडे निघाले होते. मी आत बसले आणि दचकले. आत भट्टी झाली होती. एसी बंद, चारही काचा खाली, पप्पांचा शर्ट पाठीला चिकटलेला.

मी विचारल्यावर ते उत्साहाने सांगायला लागले. उन्हात तापलेली गाडी थंड करायलाच सगळ्यात जास्त बॅटरी जाते, एकदा थंड झाली की मग थोडक्यात भागतं. म्हणून भाडं आलं की आधी समोरासमोरच्या काचा उघडून गरम वाफ बाहेर घालवायची, मग काचा बंद, एसी चोवीसवर आणि आतलीच हवा फिरवणारं बटण चालू. कुणी अठरा मागितलं तर अठरा करायचं आणि गाडी गार झाली की हळूच बाविसावर आणायचं. "पॅसेंजरला आकडा दिसतो, हवा नाही दिसत," ते म्हणाले आणि हसले. गाडी रिकामी असली की मात्र सगळं बंद.

मग सहज बोलल्यासारखं त्यांनी सांगितलं की परवा इंद्रलोकच्या नाक्यावर जरा अंधारी आली होती. दार उघडून पाणी प्यायलो, दहा मिनिटं बसलो, झालं. मम्मीला सांगू नकोस.

मम्मीला मी सांगितलं नाही. मी पत्रक लिहिलं.

मागण्या साध्या होत्या. चार्जिंगला लावलेल्या गाडीत ड्रायव्हरला एसी चालवू द्या, म्हणजे गाडी यार्डाच्या विजेवर गार होऊन बाहेर पडेल आणि बॅटरी वाचेल. आणि उन्हाळ्यात वीस टक्क्यांची अट सैल करा. आतापर्यंत उलटं होतं. चार्जिंग लवकर व्हावं म्हणून एसी बंद ठेवायला सांगायचे आणि भरलं की लगेच मागच्या गाडीसाठी केबल काढून घ्यायचे. या मागण्यांतला एकही शब्द मला आजही चुकीचा वाटत नाही.

पण उदाहरण हवं होतं. मी लिहिलं : "नवघरला राहणाऱ्या एका पन्नाशीतल्या ड्रायव्हरला इंद्रलोकच्या नाक्यावर, रिकाम्या गाडीत एसी बंद ठेवून बसल्याने चक्कर आली." पप्पा 'अंधारी' म्हणाले होते. यार्डात निम्मे ड्रायव्हर हिंदीवाले, त्यांना 'अंधारी' कळणार नाही, 'चक्कर' सगळ्यांना कळेल, असा विचार मी केला.

पत्रकं मी यार्डातल्या गाड्यांवर ठेवून आले. सगळ्यांना कळलं. सुपरवायझरलाही. नवघरहून येणारे आणि पन्नाशी ओलांडलेले तिथे पप्पा एकटेच. त्याने आवाजसुद्धा चढवला नाही. खुर्ची दिली आणि म्हणाला, "काका, गाडी चलाते चलाते चक्कर आया तो पब्लिक का क्या होगा?" त्याच दुपारी आयडी बंद झाली. कारण लिहिलं होतं : आरोग्य.

मी यार्डात जाऊन भांडायला निघाले होते, पप्पांनी अडवलं. भांडणार तरी कशावर? प्रश्न त्याचा बरोबर होता. आम्ही जो पुरावा दिला, तोच त्याने कारण म्हणून वापरला. बाकीच्या ड्रायव्हरांतल्या एकाचा फोन आला, "ताई, पत्रक एक नंबर आहे, फक्त माझ्या गाडीवर नको ठेवू."

अकरा दिवस पप्पा घरी होते. दुपारी पंखा चालू असूनही गॅलरीत जाऊन बसायचे. डॉक्टरने तपासून सगळं ठीक असल्याचं लिहून दिलं, पण कंपनीला पप्पांच्या सहीचा अर्जही हवा होता. घरातले अर्ज कायम मीच लिहिते. त्यांनी कोरा कागद माझ्यासमोर ठेवला.

"लिही. मला गाडी चालवताना किंवा गाडीत असताना कधीही चक्कर आलेली नाही."

मी म्हटलं, पप्पा, आली होती.

"अंधारी आली होती. चक्कर तू आणलीस."

मी लिहिलं. पुढचं वाक्य त्यांनी सांगितलं, "सदर पत्रकाशी माझा काहीही संबंध नाही," आणि माझं पेन थांबलं. मम्मी स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली. आंधळी माया कुठली आणि तत्त्व कुठलं, यावर मी कॉलेजात तासन्‌तास बोलले असेन. इथे समोर पप्पा होते आणि त्यांना उद्या गाडी हवी होती. मी तेही वाक्य लिहिलं. त्यांनी सही केली.

अर्ज दिल्यावर तिसऱ्या दिवशी आयडी चालू झाली. चार्जिंगवर एसी लावू देत नाहीत ते नाहीतच. पप्पा आता पाण्याच्या दोन बाटल्या घेऊन निघतात. आधी संध्याकाळी आले की कुणी अठरा मागितलं, किती टक्क्यांवर गाडी लावली, सगळं सांगायचे. आता मी विचारते, रिकाम्या गाडीत एसी ठेवता ना? ते म्हणतात, "ठेवतो."

परवा मम्मी त्यांचा शर्ट बादलीत भिजवत होती. पाठीवर मिठाच्या पांढऱ्या रेघा उमटल्या होत्या, एकावर एक, दिवसभरात तीन-चारदा भिजून वाळल्यासारख्या. मी बघत राहिले. पप्पांनी मला बघताना पाहिलं.

"हे कुठे लिहायचं नाही," ते म्हणाले.

मी हो म्हटलं.