झग्याची आतली बाजू

ट्रंक उघडली, डांबरगोळ्यांचा वास आला आणि खणाचा जुना ब्लाउज हाती लागला. मी व्हिएन्नाला निघाले तेव्हा महाडच्या माझ्या शिवणक्लासच्या बाईंनी तो शिवला होता. नवऱ्याला एमआयडीसीतल्या औषधांच्या कंपनीनं मशीन बघायला तिकडे पाठवलं आणि मी हट्टानं बरोबर गेले. शाळांच्या गॅदरिंगचे नाचाचे कपडे शिवणारी मी. बॅलेचे छत्रीसारखे झगे फक्त कॅलेंडरवर पाहिलेले. बाहेर बर्फ पडत होता आणि एका जुन्या नाट्यगृहाच्या संग्रहालयात तसला झगा दोरीपलीकडे, हातभर अंतरावर उभा होता. बाहेरून काय कळणार? मला तो आतून बघायचा होता. हात पुढे केला तशी राखणीवरची म्हातारी ओरडली. भाषा येईना, म्हणून मी स्वेटर वर करून माझ्या ब्लाउजची कड उलटून दाखवली. ती वाकून शिलाई बघत राहिली, मग हसली, पांढरे हातमोजे चढवले आणि झग्याची पाठ उलटली. आत हुकांच्या तीन रांगा, तो एकीमागून एक घालून नाचलेल्या तिघींची नावं आणि शिलाईत सोडलेलं दोन बोटं जास्तीचं कापड. आम्ही त्याला माया म्हणतो. "माया ठेव गो, अंग काय एकाच मापाचं ऱ्हातंय?" असं बाई सारख्या सांगायच्या. परतल्यावर हे सांगितलं, तर त्यांनी एवढंच विचारलं, "टाके हातचे हायत का मशीनचे?" नेमकं तेच बघायचं राहिलं होतं! बाई जाऊन वर्षं झाली. आज ब्लाउज दंडात अडकला, म्हणून उसवला. आत त्यांची माया होती, दोन बोटं.