नळीला गुंडाळलेला दुपट्टा

आमच्या थोरल्या भाऊजींइतका लाज आणणारा माणूस अख्ख्या भंडारा जिल्ह्यात दुसरा झाला नाही, आणि होऊही नये. आंधळगावच्या शाळेत ते मास्तर होते, पण जीव सगळा त्यांच्या जुन्या जीपखाली. लोकांच्या घरी जावई आला की त्याचा चेहरा दिसतो, आमच्याकडे पाय दिसायचे. आई पाय धुवायला तांब्या घेऊन जायची आणि जीपखालून बाहेर आलेल्या पायांवरच पाणी ओतून परत यायची. त्या जीपची धुराची नळी नेमकी पुढच्या सीटच्या पत्र्याखालून जायची, आणि पत्रा असा तापायचा की ताई माहेरी पोचेपर्यंत मांडी घालूनच बसायची. म्हणून ती नळी गुंडाळायची, हा भाऊजींचा ध्यास. पोतं गुंडाळलं, ते जळालं. माती आणि भाताच्या तणसाचा लेप दिला, त्याची ढेकळं रस्ताभर पडली. बाबांनी कधी चुकून विचारलंच, तर म्हणायचे, "मामाजी, भात दमावर ठेवता तवा हंडी झाकता का नाही? मंग नळीनं काय पाप केलं? गरमी नळीत राह्यली का गाडी पळते, बाहेर आली का पाय पोळते." बाबा सुपारी कातरत बसायचे.

ऐंशी साल अजून उजाडायचं होतं तेव्हाची गोष्ट. अड्याळची मंडळी मला पाहायला आली. ती शहापूरला एसटीतून उतरणार, आणि तिथून त्यांना आणायचं भाऊजींनी स्वतःच अंगावर घेतलं. राईस मिलच्या बॉयलरला गुंडाळतात ती न जळणारी पांढरी दोरी त्यांनी आदल्या दिवशी कुठूनशी मिळवली होती. नळीला ती हातभर कमी पडली. उरलेल्या जागी या महाशयांनी काय गुंडाळावं? दिवाळसणाला बाबांनी भर पंगतीत त्यांच्या खांद्यावर घातलेला जरीकाठी दुपट्टा! "वला केला होता ना," हे त्यांचं नंतरचं स्पष्टीकरण. जीप दारात थांबली आणि खालून असा धूर निघाला की मुलाचे वडील धोतर सावरत उडी मारून थेट आमच्या शेणाच्या खातकुड्यात. लोक बादल्या घेऊन धावले. धूर ओसरला तेव्हा जळका जरीचा काठ खाली लोंबत होता आणि बाबा तो ओळखून खाली मान घालून उभे होते. मी पोह्यांचं ताट घेऊन दाराआड. धरणीमाय पोटात घेईल तर बरं, असं झालं मला. आता हे लग्न काही होत नाही, हे मी धरूनच चालले.

पुढे निरोप आला, "पोरगी पसंत हाये. पन लग्नात ते जीप नोको." बाबांनी हात जोडून कबूल केलं.

लग्नात भाऊजी मांडवाच्या कडेला उभे, हातात मानाचा नवा दुपट्टा, घडीसुद्धा न मोडलेला. कुणी त्यांना एका शब्दाने बोललं नाही, आणि तेच वाईट होतं. जीप त्यांनी तलावाच्या पाळीमागे लपवून ठेवली होती. मला ती लाज पाहवेना, माझी स्वतःची परवडली. पाठवणीच्या वेळी सजवलेली गाडी दारात उभी असताना मी रडत रडत म्हटलं, "मी भाऊजीच्याच गाडीत बसीन." आई म्हणाली, "पोरीले याड लागलं काय?" सासऱ्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या. पण आमचे हे हसले आणि आधी जाऊन जीपमध्ये बसले.

भाऊजींनी लाजेखातर नळी पार उघडी केली होती. अड्याळ यायच्या आधीच पत्रा तापला. मी शालू सावरत पाय वर घेतले. भाऊजींनी पाहिलं. गाडी थांबवली, नव्या दुपट्ट्याची घडी मोडली आणि माझ्या पायांखाली अंथरायला वाकले. "माह्यानं तुह्या बापाची लाज गेली, बाई," म्हणाले. मला हुंदका आला, पण तोंडातून निघालं ते भलतंच, "पायाखाली काहून, भाऊजी? नळीले गुंडाळा ना! अन् या खेपेले नीट वला करा."

त्यांनी दुपट्टा परत उचलला. मग जीपखाली गेले, आणि यांनी सोबतच्या तांब्यातलं पाणी दुपट्ट्यावर ओतलं. माझी वरात अड्याळात शिरली ती धूर काढतच.

भाऊजी जाऊन आता बरीच वर्षं झाली. लेकाच्या गाडीत पाय गार राहतात. तरी माहेरच्या वाटेवर शहापूर सुटलं की मी ते उगाचच वर उचलून घेते.